रिकामी यादी एक्सएमएलमध्ये कशी लिहायची?

रविवारचा मेगाब्लॉक. समजा, लोकलचं वेळापत्रक दाखवणारं ॲप सर्व्हरकडे आज रद्द झालेल्या गाड्यांची यादी मागतं आणि यादीच्या जागी काहीच येत नाही. आता प्रवाशाला काय सांगायचं? एकही गाडी रद्द नाही, की माहितीच अजून आलेली नाही? बोरिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसासाठी या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रोग्रामच्या मेमरीत हा फरक स्पष्ट असतो. ऑब्जेक्ट म्हणजे एका वस्तूची एकत्र बांधलेली माहिती: गाडीचा क्रमांक, प्रकार, थांब्यांची यादी. यादी रिकामी असणं वेगळं आणि यादीच नसणं वेगळं. पण ऑब्जेक्ट दुसऱ्या संगणकाकडे धाडायचा तर तो मजकुरात उतरवावा लागतो. एक्सएमएल हा त्याचाच एक मार्ग. १९९८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली. गंमत अशी की एक्सएमएलला 'यादी' हा प्रकार मुळात ठाऊकच नाही. तिथे असतात फक्त एकात एक बसवलेले टॅग, म्हणजे टोकदार कंसांत लिहिलेली नावं. यादी दाखवायची तर तोच टॅग पुन्हा पुन्हा लिहायचा:

<गाडी प्रकार="धीमी">
  <थांबे>
    <थांबा>चर्चगेट</थांबा>
    <थांबा>मरीन लाइन्स</थांबा>
    <थांबा>चर्नी रोड</थांबा>
  </थांबे>
</गाडी>

(टॅगची नावं देवनागरीत चालतात. नावात मोकळी जागा मात्र चालत नाही.)

इथला 'थांबे' हा बाहेरचा टॅग अनेकांना फालतू वाटतो. तो काढला तरी थांबे वाचता येतातच. माझं मत विचाराल तर तो ठेवावाच. यादी रिकामी असेल तर <थांबे/> एवढं तरी उमटतं. यादीच नसेल तर काहीच उमटत नाही. जावा या प्रोग्रामिंग भाषेत ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणारं जॅक्सबी नावाचं साधन आहे, त्यात असं वेष्टन मागता येतं. ते नसेल तर दोन्ही प्रसंगी कोरी जागा, आणि मेगाब्लॉकचा तो प्रश्न अनुत्तरित.

दुसरी अडचण एकाच नोंदीची. यादीत एकच गाडी असली तर टॅगही एकदाच येतो. एक्सएमएलचं जेसन (माहिती मजकुरात लिहिण्याची दुसरी पद्धत) करणारी साधी साधनं त्याला यादी न मानता सुटी वस्तू मानतात, आणि पुढचा प्रोग्राम यादी समजून एकेक नोंद वाचायला जातो तो कोसळतो. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीचा नमुना बहुधा दोन-तीन नोंदींचा असतो. म्हणून कुठला टॅग कितीदा येऊ शकतो, हे स्कीमात, म्हणजे एक्सएमएलच्या रचनेच्या नियमपत्रकात, लिहून ठेवायचं.

बँकांच्या आयएसओ २००२२ या संदेशपद्धतीत नोंदींच्या संख्येची चांगली काळजी घेतलेली दिसते. मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेची आरटीजीएस ही मोठ्या रकमा पाठवण्याची प्रणाली २०१३ पासून हीच पद्धत वापरते. बँक-ते-बँक पैसे पाठवण्याच्या संदेशात व्यवहारांना वेगळं वेष्टन नसतं, पण मथळ्यात एकूण व्यवहार किती ते लिहावं लागतं. वाटेत एखादी नोंद गळाली तर आकडा जुळत नाही.

सगळ्यात चिवट प्रकार मात्र वर्तुळाचा. गाडीच्या यादीत दादर, दादरच्या यादीत तीच गाडी, तिच्या यादीत पुन्हा दादर. एक्सएमएल हे झाड आहे, त्यात फांदी मागे वळून खोडाला मिळत नाही. जॅक्सबी असं वर्तुळ दिसलं की त्रुटी दाखवून थांबतं. मग गाडीत अख्खं स्थानक न लिहिता फक्त त्याचा संकेतांक लिहायचा आणि स्थानकांचा तपशील एकदाच, वेगळ्या यादीत द्यायचा.