समावेशक गायनशिक्षण (कोकण)

समूहात गाणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या आवाजाच्या आवाक्यात आणि त्याच्या शरीराला मानवेल अशा रीतीने गाता यावे, यासाठीची शिकवण्याची पद्धत. आवाज निवडून गट बांधण्याऐवजी, आलेल्या आवाजांवरून गाण्याची पट्टी (‘सा’ किती उंचीवर धरायचा ते) आणि मांडणी ठरवणे हे तिचे सूत्र. ‘तुझा सूर लागत नाही, नुसते ओठ हलव’ या सूचनेला येथे जागा नाही. या एका वाक्याने गाणे कायमचे सोडलेली माणसे गावोगाव भेटतात.

कोकणात मुले गाणे वर्गापेक्षा माणसांत बसूनच अधिक शिकतात. भजन मंडळे, डबलबारीचे (दोन भजन मंडळांतल्या चुरशीचे) सामने, जाखडी हे नाचगाणे, नमन हे लोकनाट्य, गणपतीतल्या आरत्या, शाळेतला परिपाठ, तसेच वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमधील गायकवृंद या त्यांच्या शिकण्याच्या जागा. भजनात बुवांनी, म्हणजे मुख्य गायकाने, ओळ टाकायची आणि कोरसने ती उचलायची, अशी रीत असल्यामुळे अजून वाचता न येणारे किंवा दृष्टिहीन मूलही पहिल्या दिवसापासून सामील होऊ शकते. ही या परंपरेची मोठी जमेची बाजू आहे. अडते ते पट्टीपाशी.

पेटी लागते ती बुवांच्या पट्टीत. प्रौढ पुरुषाला साधारण काळी एक, काळी दोन, म्हणजे पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी ‘सा’ धरून गाणे, सोयीचे. स्त्रिया आणि लहान मुले यांना काळी चार, काळी पाच. काळी एकमधला अभंग मुलाने बुवांच्याच सप्तकात म्हणायचा ठरवला, तर मध्य षड्जाच्या (मधल्या सप्तकातल्या ‘सा’च्या) आसपासचे स्वर त्याच्या गळ्यात उतरतच नाहीत. म्हणून ते न सांगताच एक सप्तक वर गाते आणि गौळणीपर्यंत निभावून नेते. पुढे गजर रंगतो, बुवा तार सप्तकात जातात आणि मूल आणखी वर चढू पाहते. तिथे ओरडण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग उरत नाही. खरे तर त्या जागी त्याने सप्तक उतरून बुवांच्याच स्वरात मिसळायचे असते आणि तो स्वर त्याला अगदी सहज येतो. पण हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मुलांची संख्या जास्त असेल तेव्हा पट्टीच बदलावी. स्केल चेंजर पेटीवर वादकाला बोटांची जागाही बदलावी लागत नाही.

‘बेसूर’ ठरलेल्या अनेक मुलांची गोष्ट हीच असते. शिक्षकाच्या खर्जातल्या आवाजात आपला स्वर कुठे शोधायचा, हे त्यांना कळत नाही. तीच ओळ एखाद्या बाईंनी किंवा दुसऱ्या मुलाने म्हणून दाखवली की पुष्कळांचा सूर लागतो. स्वरांतला फरक जन्मतःच न ओळखता येणारी माणसे थोडी. हे प्रमाण दीड ते चार टक्के मानले जाते.

मुलग्यांचा आवाज साधारण १२ ते १५ या वयात फुटतो. स्वररज्जू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली येतो आणि मधल्या काळात हाताशी थोडेच स्वर राहतात. अमेरिकी अभ्यासक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात या बदलाचे टप्पे मांडले आणि गाणे न थांबवता त्या-त्या टप्प्यात बसेल एवढेच गाऊन घ्यावे, असा आग्रह धरला. आपल्याकडे अशा मुलाच्या हाती टाळ दिले जातात. ताल पक्का होतो, पण गाणारा मुलगा बहुधा हातचा जातो. त्यापेक्षा ध्रुवपदातली चार-पाच स्वरांत फिरणारी ओळ त्याच्याकडे द्यावी किंवा त्याला खालचा षड्ज धरून ठेवायला सांगावे. मुलींचा आवाजही या वयात दोन-तीन अर्धस्वरांनी उतरतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते; याकडे सहसा कोणाचे लक्षच जात नाही. मासिक पाळीत मुलीला देवळातल्या तालमीपासून दूर ठेवले जाते, तेथे तालीम शाळेत किंवा कोणाच्या खळ्यात घेणे हा साधा उपाय आहे.

अपंग मुलांसाठी लागणारे बदल बहुधा छोटे असतात. मांडी घालता न येणाऱ्या मुलाला एकट्याला खुर्ची देण्याऐवजी त्याची सगळी रांगच बाकावर बसवावी. तोतरे बोलणारी मुले इतरांबरोबर गाताना सहसा अडखळत नाहीत, म्हणून त्यांना आधी समूहाची ओळ द्यावी, एकट्याची नंतर. कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण) बसवलेल्या मुलाला लय चांगली कळते, स्वरांची उंची तितकीशी नाही. अशा वेळी हाताच्या खुणा उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये संगीतशिक्षक जॉन कर्वेन यांनी रुजवलेल्या आणि हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिक्षणपद्धतीत स्थिरावलेल्या या खुणा सा-रे-ग-मलाही सहज लावता येतात. पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून कंपन जाणवू देणे हाही एक मार्ग. अपंग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद असून सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्कही त्यात आहे.

भारतीय संगीत घराण्यांच्या चौकटीबाहेर, वर्गात आणण्याचे मोठे काम विष्णु दिगंबर पलुसकर यांनी केले. त्यांचे गांधर्व महाविद्यालय १९०१ साली लाहोरला सुरू झाले. लहानपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. कोकणात एकत्र बसण्याचा प्रश्न जातीचाही होता. सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले रत्नागिरीचे पतितपावन मंदिर १९३१ साली उभे राहिले. बोलीवरून होणारी हेटाळणी मात्र अजून सुरू आहे. ‘ण’चा ‘न’ करणाऱ्या आगरी-कोळी मुलाला सर्वांसमोर थांबवून टोकले, की पुढच्या ओळीपासून त्याचा आवाजच बारीक होतो. उच्चार नंतर, सगळ्यांकडून एकत्र म्हणवून घ्यावा.

सणासुदीत रोज रात्री आरत्या ओरडून म्हटल्याने मुलांचे घसे बसतात. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर स्वररज्जूंवर गाठी नाहीत ना, हे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

चर्चच्या गायनात सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे वरून खाली चार भाग असल्याने वेगवेगळ्या आवाक्यांना जागा आपोआप मिळते. तरीही वरचे भाग मुलींचे, खालचे मुलग्यांचे, अशी विभागणी सवयीने होते. भाग आवाक्यावरून ठरावा. पारलिंगी तरुण गायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे: टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकाच्या उपचाराने आवाज खाली जातो, पण एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाने वर येत नाही. त्यामुळे टेनर गाणारी मुलगी किंवा आल्टो गाणारा मुलगा गायकवृंदात असणार, हे धरूनच पोशाख आणि उभे राहण्याच्या रांगा ठरवाव्यात.