दोन घोड्यांची लॉरी (बेळगाव सीमाभाग)

दोन घोड्यांची लॉरी : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घोड्यांची जोडी एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला वापरतात ते मालवाहू वाहन आणि ते चालवण्याची रीत. कागल ओलांडून कोल्हापूरकडे गेले की याच वाहनाला ट्रक किंवा टेम्पो म्हणतात. इकडे कन्नडच्या शेजारामुळे ‘लॉरी’ हाच शब्द तोंडी बसला आहे.

जोडी हलवायची वेळ घोडागाडी शर्यतींना, लग्नाच्या वरातींना, बेळगावच्या शिवजयंतीतल्या चित्ररथ मिरवणुकीला आणि अकलूजच्या घोडेबाजाराला येते. याच भागातली सर्वांत मानाची जोडी मात्र लॉरीत चढत नाही. चिकोडी भागातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे दोन अश्व, एक माऊलींचा आणि एक स्वाराचा, आषाढी वारीसाठी दरवर्षी आळंदीपर्यंत ३०० किलोमीटरहून अधिक वाट पायी चालतात. बाकीच्या घोड्यांना तेवढी सवड मिळत नाही.

गाडी निवडताना ‘दोन’ हा आकडाच अडचणीचा ठरतो. एका घोड्याचे वजन साधारण ३०० ते ४०० किलो. जोडी, माणूस, चारा आणि पाणी धरले तर ‘छोटा हत्ती’ (टाटा एस हा छोटा टेम्पो) वजनालाही अपुरा पडतो आणि जागेलाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-ई या कलमानुसार दर घोड्यामागे २.२५ चौरस मीटर जागा आणि मध्ये कायमचा आडोसा लागतो. म्हणजे दोघांना ४.५ चौरस मीटर. छोट्या हत्तीचा हौदा, म्हणजे माल ठेवायचा मागचा भाग, जेमतेम सव्वातीन चौरस मीटरचा असतो. पिकअपमध्ये जोडी कशीबशी मावते. दहा फुटी हौद्याची टाटा ४०७ या कामाला सर्वांत सोयीची. त्याहून मोठी गाडी घेतली तर घोडे ऐसपैस उभे राहतील असे वाटते, पण घडते उलटे. मोठ्या गाडीचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) कित्येक टनांच्या हिशेबाने बसवलेले असतात. आठशे किलोंना ते दबत नाहीत, प्रत्येक खड्ड्याला हौदा उसळतो आणि तो दणका थेट खुरांत जातो. शिवाय मोकळी जागा जास्त असली की वळणावर घोडा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाऊन आदळतो.

गाडी कोणती, यापेक्षा हौद्याच्या तळाला जास्त महत्त्व आहे. लोखंडी पत्र्यावर लोखंडी नाल टिकत नाही. ऊसपट्ट्यात पाचट (उसाचा वाळला पाला) फुकट मिळते म्हणून तेच अंथरायची सवय आहे, पण कोरडे पाचट टापेखाली सरकते. आधी लाकडी फळ्या, त्यावर काथ्याची किंवा रबराची जाड चटई, आणि मूत शोषायला वर भुसा किंवा ओलसर माती, असा थर चांगला. पशू वाहतूक नियम, १९७८ यांत घोड्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडवे दांडे, तळाला न घसरणारे अंथरूण, फळ्या बुटक्या असतील तर वाढवलेली उंची आणि सोबत एक माणूस, असे ते सांगतात. मधला बांबू छातीच्या उंचीला बांधावा, खालची जागा मोकळी ठेवावी. घोडा तोल सावरतो तो पाय फाकवून. तळापर्यंत फळी ठोकली की त्याला पाय टाकायला जागाच उरत नाही. घोड्याचे तोंड रहदारीपासून दूर, डावीकडे असावे असेही नियम म्हणतो, पण ते आडवे उभे करण्याएवढ्या रुंद गाडीला लागू पडते. सहा फुटी रुंदीत घोडा आडवा उभा राहत नाही, म्हणून ४०७ मध्ये तोंड केबिनकडेच येते. जोडीतला जड घोडा उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला ठेवावा, कारण रस्त्याचा उतार डाव्या कडेकडे असतो.

चढवायला गावोगावी शेताचा बांधच धक्क्याचे काम करतो. लॉरी मागे घेत बांधाला टेकवायची, फाळका (हौद्याची मागची फळी) उघडून आडवा टाकायचा आणि त्यावर पोते पसरायचे. घोडा आधी मान खाली घालून फाळक्यावर फुरफुरतो, मग एक पाय ठेवून पाहतो. खालून पोकळ आवाज आला की तो पाय मागे घेतो. इथे मोतद्दाराने (घोडा सांभाळणाऱ्याने) मागे वळून डोळ्याला डोळा भिडवू नये, लगाम ओढू नये. पुढे बघत, चंदीचा तोबरा (दाण्याची पिशवी) हलवत सरळ आत जावे. सरावलेला घोडा आधी चढवला तर दुसरा बहुधा त्याच्यामागे येतो. दोरी म्होरकीला (तोंडावरच्या दोरीच्या पट्ट्याला) सुरगाठीने बांधावी, म्हणजे घोडा पडला तर एका हिसक्यात सुटते.

दोरी आखूड बांधणे ही नेहमीची चूक. मान तासन्‌तास वर राहिली तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि लांबच्या प्रवासानंतर घोड्याला फुप्फुसाचा आजार जडतो. तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून मान खाली सोडू द्यावी, पाणी दाखवावे. ताडपत्री डोक्यावर असावी, पण बाजूंनी वारा खेळता हवा.

नियमात वेगाची मर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. म्हणजे बेळगाव ते कोल्हापूर हे सुमारे ११० किलोमीटर अंतर तीन तासांहून जास्तीचे. महामार्गावर हा वेग क्वचितच पाळला जातो. खरी परीक्षा वेगापेक्षा ब्रेकची असते. हौद्यात काठोकाठ भरलेली घागर आहे असे समजून जो चालवतो, तोच ड्रायव्हर घ्यावा. चोर्ला किंवा आंबोली घाटात उतरताना खालचा गियर आधीच टाकावा, वळणाच्या तोंडाशी नव्हे. ऊस गळीत हंगामात दोन ट्रेलरवाले ट्रॅक्टर टेप लावून शेजारून जातात. त्या आवाजाने घोडे बिथरतात, म्हणून रात्रीचा किंवा पहाटेचा प्रवास बरा.

कागदपत्रांत जनावर प्रवासाला योग्य असून संसर्गजन्य रोगमुक्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सर्वांत आधी. घोड्यांत ग्लँडर्स हा माणसालाही होणारा रोग आहे आणि त्याची साथ असेल तेव्हा जनावरे हलवण्यावर बंदी येते. सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून महाराष्ट्रात जायचे तर केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) पाटीच्या गाडीला नॅशनल परमिट लागते. कर्नाटकाचा २०२० चा गोवंश कायदा घोड्यांना लागू नाही. तरी उंच फळ्यांची, ताडपत्री ओढलेली लॉरी रात्री अडवली जातेच; दाखला केबिनमध्ये हाताशी ठेवावा आणि ताडपत्रीची एक बाजू उचलता यावी.

उतरवल्यावर घोड्याला आधी पाच-दहा मिनिटे फिरवावे. चालत्या गाडीत अनेक घोडे मुततच नाहीत, ते उतरून मातीवर उभे राहिले की मोकळे होतात. मग थोडेथोडे पाणी आणि कडबा द्यावा, चंदी तासाभराने.