बालसाहित्यातली हयात : पार्श्वभूमी सोलापूरची आणि मराठीची

मुलांसाठी जन्मभर लिहिणारी माणसे मराठीत घडली ती मासिकांमुळे. पुस्तक एकदा निघते आणि हजार प्रती संपेपर्यंत लेखकाला कोणी विचारत नाही. मासिक मात्र दर महिन्याला मजकूर मागते. त्या तगाद्यानेच मुलांच्या भाषेवर हात बसतो.

विनायक कोंडदेव ओक शिक्षण खात्यातले. त्यांनी 1881 मध्ये 'बालबोध' काढले आणि 1914 मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. अंकाचा साचा ठरलेला होता: चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय विषय. तेहतीस वर्षांत चरित्रेच चारशेच्या घरात गेली. असा साचा ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांनी एकट्याने मासिक चालवून पाहावे. साच्यामुळेच संपादकाला पुढच्या अंकात काय हवे ते आधी कळते.

वासुदेव गोविंद आपट्यांनी 1906 मध्ये 'आनंद' सुरू केले. पुढे गोपीनाथ तळवलकरांनी त्याच्या संपादनात कित्येक दशके घातली. भा. रा. भागवतांचे 1951 चे 'बालमित्र' मात्र काही वर्षांतच थांबले. अशी मासिके बुडतात ती हिशेबात. वर्गणी वर्षाच्या सुरुवातीला येते आणि कागद मध्येच महागतो. त्यातच मूल तीन-चार वर्षांत मोठे होऊन मासिक सोडते, म्हणजे दरवर्षी पाव ते तृतीयांश वर्गणीदार नव्याने मिळवावे लागतात. 1971 मध्ये निघालेले 'किशोर' टिकले, कारण त्याच्या मागे बालभारती उभी राहिली.

सोलापुरात या परंपरेसमोर वेगळाच वाचक येतो. शहरातली 'जुनी मिल' ही कापडगिरणी 1877 मधली. कापडाच्या धंद्याने शहरात तेलुगू भाषक विणकर वसले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे घरोघर कन्नड चालते, शहरात उर्दूही आहे. बालभारती या तिन्ही भाषांत पाठ्यपुस्तके छापते. अवांतर वाचनासाठी मात्र या मुलांच्या हाती बहुधा मराठी पुस्तकच येते, आणि ते मराठी घरातले मूल डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते.

अडते कुठे, हे नीट पाहिले पाहिजे. कन्नड-तेलुगू घरांतली मुले जोडाक्षरे लवकर उचलतात. अडखळतात ती लिंगाशी. कन्नड आणि तेलुगूत निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नाही, त्यामुळे पंखा 'तो', खिडकी 'ती' आणि दार 'ते' का, याला या मुलांच्या कानात आधार नसतो. उपाय सोपा आहे. 'लाल पंखा, लाल खिडकी' लिहिण्याऐवजी 'मोठा पंखा, मोठी खिडकी, मोठे दार' लिहायचे. 'लाल' बदलत नाही, 'मोठा' बदलतो आणि लिंग डोळ्यांना दिसते. तेच नाम पानभरात तीन-चार वेळा आले तर चालते. समानार्थी शब्दांची हौस इथे आवरावी. भाकरी, शेंगाचटणी, गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वराची यात्रा), त्या यात्रेतले नंदीध्वज हे शब्द मात्र ठेवावेतच. घरची भाषा कोणतीही असो, सोलापूरच्या मुलाला ते ठाऊक असतात.

हयात या कामात घालवणाऱ्याला छपाईही कळावी लागते. चित्रपुस्तक बहुधा 32 पानांचे, म्हणजे सोळा पानी दोन फॉर्मांचे (फॉर्म म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली पाने). त्यात मुखपृष्ठामागचे कोरे पान, नावाचे पान, माहितीचे पान धरले की गोष्टीला 28 ते 29 पाने उरतात. हे आधी न मोजता लिहिले की शेवटची तीन चित्रे एका पानात कोंबावी लागतात. पहिली-दुसरीसाठी अक्षर 20 पॉइंटच्या (पॉइंट हे छपाईतल्या अक्षराचे माप) खाली नको. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. 20 पॉइंटच्या अक्षराला एका ओळीपासून दुसरीपर्यंत निदान 30 पॉइंट. ती कमी पडली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो आणि मूल दोन ओळी मिसळून वाचते. कागद 70 जीएसएमचा (चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा) घेतला तर मागचे चित्र पुढे उमटते. रंगीत पानांना 100 तरी हवा, तोही चकचकीत नसलेला, नाहीतर ट्यूबलाइटखाली पान चमकते.

बांधणीत 32 पानांना मधोमध पिन उत्तम. डिंकाची चौकोनी पाठ दुकानात देखणी दिसते, पण मूल पुस्तक उताणे उघडते आणि महिन्याभरात पाने सुटतात. वाचनालयाच्या प्रतीसाठी दोऱ्याची शिवण घ्यावी. खर्च वाढतो, पण प्रत कितीतरी जास्त हातांतून जाते.

छापायला देण्याआधी मजकूर लेखकाने स्वतः वाचून दाखवू नये. आवाजाच्या चढउताराने लेखक कच्चे वाक्यही तारून नेतो. घरी मराठी न बोलणाऱ्या दोन-तीन मुलांना तो मोठ्याने वाचायला द्यावा आणि ती थांबतील तिथे पेन्सिलने खूण करावी. एकाच जागी दोघे थांबले तर ते वाक्य पुन्हा लिहावे.