नदीतळाचे जीव : उल्हास खोरे

नदीच्या तळाशी दगड, वाळू, गाळ किंवा कुजत्या पाचोळ्याच्या आधाराने राहणारे, कणा नसलेले आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे प्राणी. शास्त्रीय मराठीत त्यांना नितलस्थ अपृष्ठवंशी म्हणतात. कीटकांचे डिंभ व अळ्या, पाणगोगलगायी, शिंपले, खेकडे, कोळंबी, जळवा आणि गांडुळाच्या गोतातले बारीक कृमी हे सगळे यात मोडतात. ठाणे जिल्ह्यात ते पाहावेत उल्हास नदीच्या खोऱ्यात. सुमारे १२२ किमी लांबीची ही नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. वाटेत बारवी तिला मिळते, भातसेचे पाणी घेऊन काळूही येते.

डिसेंबरात बदलापूरजवळ कोंडेश्वराच्या वरच्या अंगाला, पाणी घोट्याएवढे आणि खळाळते असेल तिथला एखादा चपटा दगड अलगद उलटावा. ओल्या पृष्ठावरून काही तरी तिरपे सरकते. तो मेफ्लाय या नाजूक, अल्पायुषी उडत्या कीटकाचा डिंभ, म्हणजे पाण्यात वाढणारे पिल्लू. अंग कागदासारखे चपटे, मागे शेपटीचे धागे, पोटाच्या दोन्ही कडांना कल्ल्यांची हलती पाने. शेजारी तांबड्या बटणासारखे काही चिकटलेले असते, ते खरवडले तर खाली सहा पाय निघतात. ही एका पाणभुंग्याची अळी. बेचक्यात वाळूचे खडे रेशमाने सांधून केलेले घरटे आणि त्याच्या तोंडाशी ताणलेली बारीक जाळी असते. जाळीवाली ही कॅडिसफ्लायची, म्हणजे पतंगासारख्या दिसणाऱ्या एका कीटकाची अळी प्रवाहातून येईल ते गाळून खाते. चतुर आणि टाचण्यांची पिल्ले मात्र शिकारी. त्यांचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की झटक्यात पुढे फेकला जातो.

उष्ण कटिबंधातल्या नदीत हे जग थंड देशांतल्यासारखे ऋतूंच्या तापमानावर फारसे चालत नाही. इथे पंचांग पावसाचे. जुलैच्या लोंढ्यात दगडच गडगडतात आणि निम्मी वस्ती वाहून जाते. उरलेले खड्यांच्या खाली खोल फटींत शिरतात. पाणी निवळले की तळ पुन्हा भरभर भरतो, कारण उबदार पाण्यात मेफ्लायच्या काही जातींची पिढी महिन्याभरात पुरी होते. एप्रिल-मेमध्ये ओढे तुटून नुसते डोह उरतात. दहा अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. त्यामुळे खळाळातले जीव डोहात टिकत नाहीत. त्यांची जागा पाणढेकूण आणि पाणभुंगे घेतात, जे वर येऊन हवा घेतात. पाणढेकणांच्या काही जातींत मादी नराच्या पाठीवरच अंडी चिकटवते आणि ती फुटेपर्यंत नर ते ओझे वागवतो.

म्हणून लोंढ्याने तळ धुऊन निघालेला असताना, ऑगस्टात एकदा जाळी टाकून ‘नदी मेली’ म्हणण्यात अर्थ नसतो. या चुकीचा मोह फार आहे.

या समूहात माणसाच्या ताटाशी सर्वांत जवळचा नातेवाईक मुठा, म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा. मुरबाड-शहापूरकडे पहिल्या पावसात, वलगणीच्या म्हणजे मासे प्रवाहाविरुद्ध वर चढण्याच्या दिवसांत, कातकरी आणि ठाकूर मंडळी रात्री उजेड घेऊन मुठे धरतात. समुद्री चिंबोरीची पिल्ले आधी पाण्यात तरंगत दूरवर पसरतात, मुठ्याची तशी पसरत नाहीत. अंड्यातून खेकड्याच्याच आकाराचे पिल्लू निघते आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहते. त्यामुळे काही जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच सापडतात. थंड देशांतल्या ओढ्यांत पडलेली पाने कुरतडणारे कीटक भरपूर असतात, आपल्याकडे ते कमी. ते काम बरेचसे हे खेकडे आणि कोळंबी उरकतात.

अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीत दृश्य उलटे. सांडपाण्याच्या काळ्या चिखलात लाल धाग्यांसारखे ट्यूबिफेक्स हे गांडूळवर्गीय कृमी आणि कायरोनोमस या न चावणाऱ्या चिलटाच्या तांबड्या अळ्या. रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळेच नाममात्र प्राणवायूत त्या तगतात. संख्या प्रचंड, जाती दोन-चार.

या फरकावरूनच पाण्याची प्रत ठरवतात. ब्रिटनमध्ये प्राणिकुळांना एक ते दहा गुण देणारी पद्धत निघाली. मेफ्लायच्या चपट्या कुळाला दहा, गांडूळवर्गीय कृमींना एक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिला भारतीय नद्यांसाठी मुरड घातली आणि जोडीला विविधतेचाही निर्देशांक ठेवला. मुरड लागतेच. तिकडे स्टोनफ्लाय हा स्वच्छ, गार पाण्यातला कीटक न दिसणे ही धोक्याची खूण, पण दक्षिण भारतात स्टोनफ्लाय मुळातच मोजके, म्हणून त्यांचा अभाव आपल्याकडे फारसे काही सांगत नाही.

कल्याणच्या खाली भरतीचे खारे पाणी चढते आणि कीटक जवळजवळ संपतात. खारेपणा सोसणारे कीटक थोडेच. तिथून पुढचा चिखल बहुशूकी कृमी (अंगावर राठ केसांचे झुपके असलेले, बहुतेक समुद्री कृमी), तिसऱ्या आणि खुब्यांचा.