मेंदूतले ग्राफीन इलेक्ट्रोड

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, जाडी जेमतेम ०.३४ नॅनोमीटर. पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट म्हणजे असेच थर एकावर एक रचलेले, आणि २००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीनं पापुद्रे सोलत सोलत त्यातला एक थर वेगळा काढला (२०१० चं फिजिक्सचं नोबेल ग्राफीनवरच्या कामालाच).

मेंदूत याचं काय काम? तर मेंदू अतिशय मऊ असतो आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर कवटीत किंचित हलतो, त्यात पेशींचे विजेचे सिग्नल टिपायला धातूची किंवा सिलिकॉनची ताठ सुई (म्हणजे इलेक्ट्रोड) रुतवून ठेवली की ती घासत राहते, शरीर तिला परकी समजतं, भोवती पेशींचं कवच तयार होतं आणि हळूहळू सिग्नल मंदावतो. ग्राफीन चिवट आहे पण इतकं पातळ की पॉलिइमाइड या लवचिक प्लास्टिकच्या बारीक फिल्मवर बसवलं तर मेंदूच्या घड्यांवर सहज बसतं.

शिवाय ते जवळजवळ पारदर्शक आहे, एक थर फक्त २.३ टक्के प्रकाश अडवतो. त्यामुळे इलेक्ट्रोड ज्या पेशींचं ऐकतोय त्याच पेशी वरून मायक्रोस्कोपखाली बघता येतात, धातूखाली ते दिसणंच शक्य नाही.

माझ्या मते खरी कमाल आहे ती ग्राफीन ट्रान्झिस्टरची (म्हणजे सिग्नल जागच्या जागी वाढवणारा इवलासा भाग). ०.१ हर्ट्झच्या खालचे अतिसंथ सिग्नल साध्या इलेक्ट्रोडवर नीट पकडता येत नाहीत, रेषाच सरकत जाते. पण मायग्रेन, स्ट्रोक किंवा डोक्याला मार लागल्यावर मेंदूवरून मिनिटाला काही मिलिमीटर वेगानं सरकणारी जी लाट असते ती नेमकी याच अतिसंथ सिग्नलमध्ये दिसते, आणि ग्राफीन ट्रान्झिस्टर ती पकडतो!

अडचणीही आहेत. तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेला थर उचलून दुसरीकडे बसवताना फाटतो, सुरकुततो. एका थरात विद्युतभार फार मावत नाही, म्हणून पेशींना उत्तेजित करायला तो कमी पडतो, त्यासाठी बार्सिलोनातल्या संशोधकांनी सच्छिद्र ग्राफीनचे २५ मायक्रॉनचे इलेक्ट्रोड बनवले.

माणसावर पहिला वापर २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सॅलफर्ड रॉयल हॉस्पिटलमध्ये झाला, बार्सिलोनाच्याच इनब्रेन कंपनीचं उपकरण, ट्यूमरच्या ऑपरेशनच्या वेळी मेंदूवर ठेवलेलं. ते ऑपरेशनपुरतंच होतं, वर्षानुवर्षं डोक्यात ठेवायचा टप्पा अजून यायचाय.