नवीन महाविद्यालयाची परवानगी: कोकणातल्या संस्थांचे अर्ज कुठे अडतात

पालघर ते सिंधुदुर्ग या पट्ट्यात पदवी महाविद्यालय काढायचं तर अर्ज मुंबई विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे जातो. कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६, कलम १०९. (आयटीआयचं दार वेगळं. तिथे व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण खात्याकडे जा.)

इमारतीचा नकाशा काढण्याआधी विद्यापीठाचा बृहत आराखडा, म्हणजे नवीन महाविद्यालयं कुठे काढायची याचा आराखडा, उघडा. तो पाच वर्षांचा असतो. तुमच्या गावाचा स्थळबिंदू, म्हणजे महाविद्यालयासाठी ठरवलेली जागा म्हणून गावाची नोंद, त्यात नसेल, तर अर्ज विचारातच घेतला जात नाही, मग पोरं रोज दोन एसटी बदलून तालुक्याला का जात असेनात. बिंदू कशासाठी आहे तेही वाचा. विज्ञानाच्या बिंदूवर वाणिज्य चालत नाही.

मुदत सप्टेंबरअखेरची, तीही आदल्या वर्षाची. जूनमध्ये वर्ग भरवायचे म्हणून मार्चमध्ये विचारायला येणारे दरवर्षी भेटतात. त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं.

अर्ज, ठराव, शुल्क हे सरळ आहे. फाईल अडते ती दोन जुन्या कागदांवर.

पहिला, धर्मादाय कार्यालयाचा पीटीआर उतारा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला संस्थेच्या नोंदवहीचा उतारा. एका संस्थेचा उतारा मी पाहिला, त्यातले तीन विश्वस्त वारलेले होते आणि ठरावावर सही करणाऱ्या अध्यक्षांचं नावच नव्हतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो (सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, कलम २२). त्यांनी वीस वर्षं दिला नव्हता. जुने रिपोर्ट मंजूर व्हायला महिनोन् महिने जातात, आणि दोष संस्थेचा असला तरी तारखांवर तारखा देणाऱ्या कार्यालयाचाही आहेच.

दुसरा, सातबारा. कोकणातली जमीन सामाईक, एका गटावर पंचवीस-तीस नावं, निम्मे डोंबिवली-विरारला. एका चुलत्याने 'कॉलेज करा' म्हटलं म्हणून जागा संस्थेची होत नाही. खरेदीखत किंवा नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेकरार हवा, तोही संस्थेच्या नावे. अध्यक्षांच्या स्वतःच्या नावावरची जमीन म्हणजे संस्थेची जमीन नव्हे. सगळे हिस्सेदार गणपतीला गावी येतात, तेव्हाच त्यांना घेऊन दुय्यम निबंधकांकडे जा. मात्र अर्जाच्या वर्षातल्या गणपतीवर विसंबू नका. चतुर्थी कधी कधी सप्टेंबरच्या मध्यावर येते, मग हातात दोन आठवडेही उरत नाहीत.

सगळं जुळलं की शासनाचं इरादापत्र, म्हणजे तत्त्वतः होकाराचं पत्र, येतं, आणि इथेच लोक घाई करतात. इरादापत्र ही परवानगी नव्हे. ते पुढच्या वर्षीच्या ३१ जानेवारीपर्यंतच चालतं. तेवढ्यात अटी पुऱ्या करून अहवाल द्यायचा, मग शासनाची अंतिम मान्यता, त्यानंतर विद्यापीठाची संलग्नता. ती हातात येईपर्यंत नाक्यावर 'प्रवेश सुरू' असा फलक कृपा करून लावू नका. अशा ठिकाणी फी भरलेल्या मुलींना परीक्षेचा अर्जच भरता आला नाही, हे मी पाहिलंय. त्यांचं वर्ष गेलं, आणि दोघींचं पुढचं शिक्षणच घरच्यांनी थांबवलं.