गुडघा दुखतोय आणि ट्रेलवर पळायचंय? मग उतार मोजा

गुडघा कुरकुरायला लागला की बहुतेक रनर आधी किलोमीटर कमी करतात, 15 चे 10 करतात, आणि तरी दुखणं तिथल्या तिथेच. कारण ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या पायवाटेवर, गुडघ्याला किती भार पडला हे नुसत्या अंतरावरून कळत नाही, किती मीटर खाली उतरलात ते बघावं लागतं.

चढताना धाप लागते, पोटऱ्या पेटतात, त्यामुळे चढच जड वाटतो. पण चढावर पाऊल फारसं आपटत नाही आणि बरंचसं काम पोटऱ्या आणि नितंबाचे स्नायू करतात. उतरताना मात्र मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेक लावत राहावं लागतं, म्हणजे तो लांब होत असतानाच जोर लावत असतो, आणि तो जोर जातो गुडघ्याच्या वाटीवरून. वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेत वरखाली सरकते, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर आला की ती त्या खाचेत दाबली जाते. वाटीच्या मागे किंवा आजूबाजूला दुखत असेल तर जिना उतरताना, उकिडवं बसताना हे लगेच जाणवतं. दुखणं बाहेरच्या बाजूला असेल आणि थोडं पळून झाल्यावरच टोचायला लागत असेल तर तो बहुतेक आयटी बँडचा, म्हणजे खुब्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पट्ट्याचा, मामला. गुडघा साधारण 30 अंशात वाकलेला असताना तिथे दाब येतो, आणि हे दुखणंही उतारावरच चिडतं.

मग करायचं काय, तर पावलं छोटी करा. नेहमीच्या केडन्समध्ये (मिनिटाला किती पावलं पडतात त्यात) 5 ते 10 टक्के वाढ केली तरी पाऊल शरीराच्या जवळ पडतं आणि गुडघ्यावरचा भार कमी होतो, त्यासाठी सगळे सांगतात त्या मिनिटाला 180 पावलांच्या आकड्यामागे लागायची गरज नाही. तीव्र उतार न पळता चालत उतरा (मागचा पुढे गेला तर जाऊ दे की), आणि पोल (हातात धरायच्या ट्रेकिंगच्या काठ्या) असतील तर ते चढापेक्षा उतारावर जास्त वापरा, थोडा भार हातांवर जातो.

पण उतार कायमचा बंद करू नका हां. एकदा उतारावर पळून मांड्या भरून आल्या की पुढचे काही आठवडे तशाच उतारावर स्नायूंना कमी त्रास होतो, शरीर एवढ्या लवकर शिकतं. म्हणून थोडा थोडा उतार चालू ठेवायचा आणि सोबत मांडीचे आणि नितंबाचे व्यायाम, हे मात्र कंटाळवाणे आहेत आणि फरक पडायला आठवडे नाही तर महिने लागतात.

किती दुखलं तर चालेल? फिजिओ साधारण असं सांगतात की 10 पैकी 3 पर्यंत दुखणं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं व्हायला हवं. नाही झालं तर डोस जास्त झाला.

आणि ते "पळून पळून गुडघे झिजतात" ऐकून घाबरू नका. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, दाब येतो-जातो तसं सांध्यातलं द्रव आतबाहेर होतं आणि त्यातूनच तिचं पोषण होतं, म्हणून नुसतं बसून राहणं तिलाही मानवत नाही. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी रनरपैकी 3.5 टक्के लोकांना गुडघा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात होता, न पळणाऱ्यांमध्ये 10.2 टक्के आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांमध्ये 13.3 टक्के. अर्थात ज्यांचे सांधे आधीच दुखतात ते पळणंच सोडतात, त्यामुळे सगळं श्रेय पळण्याला देता येणार नाही.

गुडघा सुजला, मध्येच अडकला किंवा पाय टेकताना दगा देतोय असं वाटलं तर हे प्रयोग थांबवून डॉक्टरला दाखवा. आणि लांब पळताना आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेऊन दुखणं दाबायचं तर अजिबात नाही, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडांना महागात पडू शकते, शिवाय कुठे थांबायचं तेही कळत नाही.